उसनं दिलेलं नाव

बिराप्पाकडे एक माडग्याळ जातीचा मेंढा होता. पोपटाच्या चोचीसारखं वाकडं नाक, लोंबते कान, आणि चालताना असा रुबाब की समोरच्यानं वाट सोडावी. कवठे महांकाळच्या त्या सगळ्या कोरड्या पट्ट्यात मेंढ्याचं नाव होतं. ज्याला आपल्या कळपात चांगली पैदास हवी असेल तो बिराप्पाच्या वस्तीवर यायचा, चहा प्यायचा आणि म्हणायचा, "थोडं दिस मेंढा दे की गड्या." बिराप्पा द्यायचा. मेंढा जायचा, परत यायचा, आणि येताना थोडा जाडच होऊन यायचा, कारण उसना आणलेला मेंढा उपाशी ठेवला तर माणसाला गावात तोंड दाखवायची सोय राहत नाही. देणाऱ्याचं काही जात नाही आणि घेणाऱ्याचं भलं होतं, हे बिराप्पाच्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की लेकीचं सर्टिफिकेटही त्यानं त्याच हिशोबात बसवलं. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर त्याच्यावर रागावून तरी मोकळं होता आलं असतं.

लेक म्हणजे समीक्षा. बी. फार्म झालेली, वस्तीवरची पहिली. कौन्सिलची नोंदणी होऊन सर्टिफिकेट हातात आलं त्या दिवशी तिच्या आईनं, रंगुबाईनं, ते देवापुढं ठेवलं आणि कौतुकाच्या भरात कुंकवाचं बोट थेट कागदालाच लावलं. समीक्षा चिडली. "आई, सरकारी कागद हाय गं तो," म्हणाली. रंगुबाई म्हणाली, "सरकारला काय कुकवाचं वावडं हाय व्हय?" मग सांगलीहून फ्रेम करून आणली आणि ते तांबडं बोट काचेच्या आत कायमचं राहिलं.

औषधांचंच शिकायचं हे तिनं लहानपणी ठरवलं होतं. दिवाळी झाली की बिराप्पाची मेंढरं वाईच्या अंगाला जायची, कृष्णाकाठच्या हिरव्या रानात. एका वर्षी तिथं रंगुबाईला ताप भरला. डॉक्टरनं चिठ्ठी दिली, मेडिकलवाल्यानं गोळ्या काउंटरवर टाकल्या, "सकाळ, दुपार, झोपताना," असं एका दमात म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. बिराप्पाला अक्षर येत नाही. त्यानं दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारायची त्याला लाज वाटली. झोपतानाची गोळी सकाळी पोटात गेली आणि रंगुबाई दिवसभर बांधावर अशी पडून राहिली की बिराप्पा तिच्या नाकाशी बोट धरून बसला होता. समीक्षा शेजारीच होती. मोठी झाल्यावर आपण काउंटरच्या त्या बाजूला उभं राहायचं आणि ज्याला वाचता येत नाही त्याला नीट सांगायचं, कोणती गोळी कधी, एवढंच तिला हवं होतं. परदेश नको, पुण्याची कंपनी नको. एक काउंटर आणि त्याच्या आत उभं राहायची जागा.

आता वाईचे सुभेदार. मानसिंग सुभेदार फौजेतून निवृत्त होऊन गावी आले तेव्हापासून बिराप्पाची मेंढरं त्यांच्या रानात बसायची. रात्री मेंढरं शेतात कोंडायची, त्यांच्या लेंड्यांचं खत शेताला मिळायचं आणि बिराप्पाला धान्य मिळायचं. या देवघेवीत दोन्ही घरांची माया जडली होती, हे खोटं नाही. सुभेदारांची बायको मनुबाई हिनं समीक्षाला कितीदा गरम भाकरी करून घातली होती. तिथल्या शाळेत हंगामापुरतं नाव घालायला सुभेदार स्वतः हेडमास्तरांकडे गेले होते. पण बिराप्पा त्या घरी गेला की पडवीत घोंगडं अंथरून त्यावर बसायचा. कुणी खाली बस म्हटलं नव्हतं आणि कुणी वर बस असंही म्हटलं नव्हतं. खुर्च्या आत होत्या, बिराप्पा बाहेर होता, आणि इतक्या वर्षांत यात काही चुकतंय असं दोघांपैकी कुणालाच वाटलं नाही.

सुभेदारांचा मुलगा राजवर्धन. डी. फार्मच्या पहिल्याच वर्षाला त्याचं घोडं अडलं ते अडलंच. पोरगं मोबाईल बघत माडीवर पडून राहतंय हे सुभेदारांना बघवेना. रस्त्याकडेला त्यांची जागा होती, तिथं त्यांनी मेडिकल काढायचं ठरवलं. फर्निचर झालं, बोर्ड रंगला, फ्रीज आला. फक्त लायसनसाठी नोंदणी झालेला फार्मसिस्ट नव्हता. आपल्याकडे यावर एक तोड रूढ होऊन गेली आहे आणि ती सगळ्यांना ठाऊक आहे. शिकलेल्याचं सर्टिफिकेट खिळ्याला लावायचं आणि शिकलेल्यानं घरी बसायचं. काउंटरला कोण उभं आहे हे गिऱ्हाईक विचारत नाही आणि भिंतीवर कुणाचं नाव आहे हे वाचत नाही.

समीक्षाची नोंदणी झाल्याचा फोन आला तेव्हा बिराप्पा मेंढरांबरोबर सुभेदारांच्याच रानात होता. आनंद पोटात मावेना, म्हणून त्यानं आधी तो सुभेदारांना सांगितला. सुभेदारांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

"बिराप्पा, एक मागू का रं?"

"मागा की आण्णा."

"पोरीचं सर्टिफिकेट आमच्या दुकानाला लावू दे. राजवर्धनचं नीट बस्तान बसलं की परत. घरचीच माणसं आपण."

बिराप्पाला वाटलं, मेंढाच मागतायत. त्यानं कमरेच्या पिशवीतनं चिमूटभर भंडारा काढला, तळहातावर धरला आणि बिरोबाची शपथ घालून शब्द दिला. भंडारा उचलून दिलेला शब्द म्हणजे संपलं. त्यावर पुन्हा बोलणं नसतं. लेकीला विचारावं असं त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. मेंढ्याला तरी कुणी विचारतं का?

समीक्षाला कळलं तेव्हा ती आधी खूश झाली, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट. तिला वाटलं, आपल्याला नोकरीच मिळाली. ओळखीचं गाव, मनुकाकीच्या हातचं जेवण आणि नवंकोरं काउंटर. ती वाईला गेली, दाखवतील तिथं सह्या केल्या, फ्रेम हौसेनं स्वतः घेऊन गेली आणि खिळा ठोकताना राजवर्धनला म्हणाली, "थोडं वर, उजवीकडं." मग तिनं विचारलं, "काका, मी कधीपासून येऊ?"

"लायसन तर हातात येऊ दे," सुभेदार म्हणाले. "मग बघू."

लायसन आलं. फोनवर तिनं पुन्हा विचारलं. आखाड संपू दे, मग बघू. गणपती होऊ देत, मग बघू. एकदा मनुबाईनंच फोन घेतला आणि मायेनं म्हणाली, "पोरी, तू परक्याची लेक. दिवसभर आमच्या राजवर्धनसंगं दुकानात उभी राहिलीस तर लोक दोन्हीकडनं बोलतील. तू कशाला जिवाला त्रास करून घेतीस? तुझं नाव हाय की तिथं." दर थोड्या दिवसांनी ओळखीच्या टेम्पोनं इंद्रायणी तांदळाचं पोतं यायचं. मेंढरं बसवल्यावर यायचं तसंच. रंगुबाई तो भात रांधायची आणि समीक्षा मुकाट्यानं जेवायची.

तरी पोरगी हातावर हात ठेवून बसणारी नव्हती. तिनं सांगलीच्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या औषध विभागात अर्ज केला, मुलाखतीला गेली. तिथल्या मुख्य बाईंनी तिला नुसते प्रश्न विचारले नाहीत, तिला खिडकीशी नेलं आणि म्हणाल्या, "समजा, या आजीबाईंना वाचता येत नाही. कसं सांगाल?" समीक्षानं गोळ्यांच्या पाकिटावर पेननं एक सूर्य काढला, दुसऱ्यावर चंद्रकोर काढली. रांगेतली म्हातारी हसली, बाईही हसल्या. निवड झाली. पण कागद बघताना बाई थांबल्या.

"तुमचं नाव वाईच्या एका दुकानाला लागलेलं दिसतंय. एका वेळी एकाच ठिकाणी चालतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. तिथून मोकळं करून आणा. पंधरा दिवस जागा ठेवते, त्यापुढं माझ्या हातात नाही."

घरी आल्यावर तिनं बापाला समोर बसवून सांगितलं. मेंढा आज या कळपात आणि उद्या त्या कळपात जाऊ शकतो, सर्टिफिकेटचं तसं नसतं. ते तिकडं असलं की मी इकडं कुणीच नसते. बिराप्पा ऐकत राहिला. ऐकता ऐकता त्याचं तोंड उतरत गेलं.

"मला कुणी सांगितलंच न्हाई," तो म्हणाला.

"तुमी कुणाला इचारलंच न्हाई, आप्पा."

हे लागलं त्याला. लागायलाच हवं होतं. दुसऱ्या दिवशी तो एकटाच बिरोबाला गेला, नारळ फोडला, देवापुढं कान धरले आणि उचललेला भंडारा परत ठेवून आला. त्याच्या हातून एवढी मोठी गोष्ट आयुष्यात झाली नव्हती. घरी येऊन म्हणाला, "देवानं मोकळं केलं. आता सुबेदारांस्नी म्या सांगतो. आपला मेंढा माघारी मागायला कसली लाज? तू नुस्ती संगं चल."

दोघं पहाटेच्या एसटीनं निघाले, सांगलीवरून कराड, कराडवरून सातारा, साताऱ्याहून वाई. गाडीत बिराप्पा ओठातल्या ओठात घोकत होता, "आण्णा, पोरीला सांगलीला जागा मिळालीया, तवा नाव मोकळं करा." समीक्षा ऐकत होती. तिला त्याची कीव आली आणि हसूही आलं. परीक्षेला निघालेल्या पोरासारखं चाललं होतं त्याचं.

दुकानाला गिऱ्हाईक होतं. सुभेदार बाहेरच्या ओट्यावर खुर्चीत बसले होते, सोबत त्यांच्याबरोबर फौजेत असलेले दोघं-तिघं. बिराप्पाला बघून सुभेदार उठले. त्यानं सवयीनं ओट्याच्या कडेला बसायला घोंगडं सोडलं, तोच सुभेदारांनी त्याचा दंड धरला.

"खाली न्हाई. हितं बस."

त्यांनी स्वतःची खुर्ची ओढली. गळ्यातल्या पंच्यानं ती झटकली. बिराप्पानं इकडं तिकडं बघितलं, त्याला वाटलं मागं आणखी कुणी आलं असेल.

"आवं आण्णा, र्‍हाऊ द्या, म्या हितं..."

"बस म्हंतो न्हवं? फार्मसिस्टचा बाप हाईस तू." आणि बाकीच्यांना म्हणाले, "हा बिराप्पा. ह्याच्या पोरीच्या नावावर आपलं दुकान उभं हाय. धनगराच्या पालातनं शिकून आलेली पोरगी. सलाम ठोका ह्याला."

त्यातल्या एकानं खरंच उठून सलाम ठोकला. बिराप्पा खुर्चीच्या कडेवर टेकला, पडतोय की काय अशा बेतानं. मग चहा आला, कपबशीतनं. त्याला त्या घरचा चहा इतकी वर्षं स्टीलच्या पेल्यातनं मिळायचा. त्यानं कपबशी हातात धरली आणि हळूहळू मागं सरकला, पाठ टेकली, एक हात खुर्चीच्या दांडीवर ठेवला. समीक्षानं बापाला असं बसलेलं कधी बघितलं नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावर जे काही आलं होतं त्याला काय म्हणावं हे तिला कळेना. एवढं कळलं की ते तिच्यामुळं आलं होतं.

तिनं वाट बघितली. सुभेदार पावसापाण्याचं बोलत होते, बिराप्पा "व्हय, व्हय" करत होता. घोकलेलं वाक्य त्याच्या तोंडातून काही निघेना. मध्येच तो तिच्याकडे बघायचा आणि नजर चहात घालायचा. आत भिंतीवर तिचं सर्टिफिकेट दिसत होतं, काचेतल्या तांबड्या बोटासकट, आणि त्याच्या खाली राजवर्धन गोळ्या काढून देत होता. चांगला देत होता, हेही सांगायला हवं. फक्त कोणती कधी, ते सांगत नव्हता.

एक म्हातारी पिशवी घेऊन पायऱ्या उतरली आणि खालच्या पायरीवर उभ्या समीक्षाला म्हणाली, "बाई, ह्यातली कंची सकाळची? त्येला इचारायचं ऱ्हायलं." समीक्षा पायरीवरच बसली. चिठ्ठीवर नाव होतं हरणाबाई. एक गोळी रक्तदाबाची, एक झोपतानाची. तिनं पर्समधला पेन काढला, एका पाकिटावर सूर्य काढला, एकावर चंद्र. "हा उगवला की ही, हा उगवला की ही." हरणाबाईनं दोन्ही पाकिटं उन्हात धरून बघितली. "लय बेस," म्हणाली, आणि गेली. ज्या दुकानावर समीक्षाचं नाव होतं तिथलं तिनं दिलेलं औषध ते एवढंच, तेही पायरीवर.

ती उठली. आता आपणच बोलायचं, असं ठरवून ओट्यावर आली.

"काका," ती म्हणाली.

"बोल की, पोरी."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. बिराप्पाही. खुर्चीतला बिराप्पा. कपबशी त्याच्या मांडीवर होती आणि पाठ अजून टेकलेली होती. आता आपण तोंड उघडलं की सुभेदारांचा चेहरा बदलणार, सलाम ठोकणारा माणूस दुसरीकडे बघणार, आणि बाप घाईघाईनं उठून आपलं घोंगडं शोधणार, हे सगळं तिला घडायच्या आधीच दिसलं.

"दुकान छान झालंय," ती म्हणाली.

बोलून गेलेला शब्द परत घेता येत नाही म्हणतात. न बोललेल्याचंही तसंच आहे.

परतीच्या गाडीत बिराप्पाला वाटत होतं, पोरीचंच मन बदललं असेल. समीक्षाला वाटत होतं, तो एवढ्यात म्हणेल, चल, मागं फिरू. घरी रंगुबाईनं दारातच विचारलं, "सुटलं का नाव?" बिराप्पा म्हणाला, "हुईल." आणि मेंढरांकडे निघून गेला. बाईंनी दिलेली मुदत संपली त्या दिवशी समीक्षानं सांगलीला फोन केला. बाई म्हणाल्या की दुसरी मुलगी घेतली, वाईट वाटतंय, त्या सूर्य-चंद्राची आठवण येते.

पुढचं वर्ष कसं गेलं ते विचारू नये. समीक्षा आणखी दोन ठिकाणी गेली, दोन्हीकडे तोच प्रश्न निघाला. मग तिनं जाणं सोडलं. वस्तीवरच्या बाया आपल्या गोळ्या घेऊन तिच्याकडे यायच्या, ती सूर्य काढून द्यायची. सोबतच्या मुली नोकरीला लागल्याचे फोटो मोबाईलवर यायचे, ती ते बघायची आणि मोबाईल उलटा ठेवायची. बापाशी तिचं भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. तो तिच्या ताटात दूध जास्त ओतायचा, आणि ती त्यात भाकरी कुस्करून खायची.

मग एक दिवस सुभेदारांचा फोन आला. आवाजात आनंद होता.

"बिराप्पा, तुझी पोरगी मोकळी केली बघ आता. राजवर्धनचं जमलं. सून बी. फार्म हाय, सर्टिफिकेटवाली. लगीन झालं की लगेच नाव बदलून घेतो. पूजेला या दोघं, आणि सन्मानानं आपलं घेऊन जा."

दोघं गेले. नवी सून रेश्मा, कराडकडची. हातावरची मेंदी अजून लाल होती आणि डोळे दुकानभर फिरत होते. तिनं एका सकाळीत गोळ्यांचे दोन कप्पे नीट लावून टाकले होते. सुभेदारांनी समीक्षाची फ्रेम खिळ्यावरून उतरवली. मनुबाईनं ती पुसली, साडी आणि नारळ दिला, आणि रिकाम्या हातानं कसं द्यायचं म्हणून पूजेतला शेवंतीचा ताजा हार फ्रेमला घातला. मनापासून घातला. त्या घरात कधी कुणी काही वाईट मनानं केलं नाही, आणि म्हणूनच त्यांच्याशी कसं भांडावं हे कुणाला कळलं नाही.

रेश्मानं आपली फ्रेम आणली. ती लावायच्या आधी तिनं समीक्षाला हळूच विचारलं, "ताई, तुम्ही काउंटरला कुठल्या बाजूला बसायचात? मला फ्रीजची बाजू बरी वाटते."

समीक्षानं दाराबाहेरच्या पायरीकडे बघितलं.

"मी पायरीवर बसले होते," ती म्हणाली. "एकदाच."

रेश्माला वाटलं, चेष्टा चालली आहे. ती हसली. समीक्षानं तिचा हात धरला. "खिळ्याला लावायच्या आधी विचारून घ्या, काउंटरला कधीपासून यायचं ते. आत्ता, सगळ्यांसमोर."

"अहो, घरचंच दुकान आहे," रेश्मा म्हणाली. "सोमवारपासूनच येणार मी." आणि मोठ्यानं, आतल्या दाराकडे वळून, "आई, सोमवारपासून मी दुकानात बसू ना?"

"देवीचा गोंधळ होऊ दे आधी," मनुबाई आतून मायेनं म्हणाली. "मग बघू."

रेश्मानं मान हलवली आणि फ्रेम खिळ्याला लावली. दोन पावलं मागं येऊन बघितलं. "थोडं उजवीकडं हवं होतं का?" तिनं विचारलं. समीक्षानं बघितलं. बरोबर मधोमध होती.

साताऱ्याला जाणाऱ्या एसटीत बिराप्पानं फ्रेम मांडीवर घेतली, दोन्ही हातांनी धरली. शेजारच्या सीटवर एक म्हातारी होती, पाचवडला जाणारी. हाराकडे बघून ती बराच वेळ चुकचुकत राहिली. मग तिनं विचारलं, "कोण गेलं वं?"

बिराप्पाला आधी कळलं नाही. त्यानं खाली फ्रेमकडे बघितलं, हाराकडे बघितलं. मग त्याला कळलं.

"कोण न्हाई," तो म्हणाला. "कोण न्हाई गेलं." त्यानं घाईनं हार ओढून काढला. दोरा तुटला, शेवंती त्याच्या धोतरावर आणि गाडीत खाली सांडली. काचेवर चिकटलेल्या पाकळ्या त्यानं एकेक करून बोटानं काढल्या. आतलं कुंकवाचं बोटही त्यानं पुसून बघितलं. ते निघेना.

म्हातारी पाचवडला उतरली. गाडी पुन्हा सुरू झाल्यावर बिराप्पानं समोर बघतच विचारलं, "त्या दिशी दुकानात तू का बोलली न्हाईस गं?"

समीक्षा खिडकीतून बाहेर बघत होती. उसाची रानं मागं पडत होती.

"तुमी खुर्चीत बसला हुता, आप्पा."

कंडक्टर तिकिटं विचारत पुढून मागं आला आणि परत गेला. मग त्याचा आवाज फुटला, इतका बारीक की तिला तो नीट ऐकायला वळावं लागलं.

"उठलो असतो की गं म्या."

समीक्षानं त्याच्या मांडीवरून फ्रेम काढून आपल्या मांडीवर घेतली. सातारा यायला अजून वेळ होता.